बाहेरचं रक्त

१८ सप्टेंबर, बुधवार

संस्कृतीचे दोन्ही हात सुजले. बोटं इतकी जाड की मूठ मिटत नाही. पावलंही तशीच. हात लावला की किंचाळते. वर्षाची पोर, सांगणार काय!

मी जीपमधून उतरून घरात पाऊल टाकलं आणि वहिनी तिला घेऊन समोर. "ताई, देखो ना हिचे हात. कायनं झालं हे?" तीन वर्षांत तिची बोली अशी झाली आहे, अर्धी खरगोनची, अर्धी आमची.

आईचं निदान तयार होतं. "बाहेरचं झालं पोरीले." अंगारा लावून झालेला. करणी, नजर, भूत, सगळ्याला आमच्याकडे हा एकच शब्द. मग आवाज बारीक करून, पण वहिनीला ऐकू जाईल असा — "तिची माय रोज येते ना पोरीले पाह्याले. कोनाची नजर कशी, सांगता येते काय?"

वहिनीची माय म्हणजे भुरीबाई. ती आणि लखीराम, वहिनीचे वडील, मागच्या वर्षी सोयाबीन सोंगायला, कापणीला, आले. लेक इथे म्हणून परत गेलेच नाहीत. गावाच्या ई-क्लासवर, गुरं चरायच्या सरकारी पडीत जमिनीवर, झोपडी टाकली. त्यांच्या मागून त्यांच्याकडची आणखी काही घरं आली.

गणेशदादाला इथे कोणी मुलगी देत नव्हतं. शेती करणारा नवरा कोणालाच नको — मलाही नको. शेवटी बाबा राज्याच्या हद्दीपलीकडे, खरगोनकडे जाऊन कमली वहिनीला सून करून घेऊन आले. तेव्हा बाहेरची चालली.

उद्या संस्कृतीला मालेगावला नेते, मी लॅबमध्ये आहे त्या दवाखान्यात, माझ्याबरोबर. आई नाही म्हणाली. मी म्हटलं, नेते.


१९ सप्टेंबर, गुरुवार

हिमोग्लोबिन साडेसहा. डॉक्टरांनी हात बघितले आणि माझ्याकडे बघितलं. "सिकलसेलची टेस्ट तूच लाव."

रोज लावते मी. नळीत द्रावण, त्यात रक्ताचा थेंब, नळीमागे काळ्या रेघांचं कार्ड. पलीकडच्या रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात दोष आहे.

रेघा दिसल्या नाहीत. पुन्हा लावली. नाही दिसल्या.

एवढ्याने फक्त दोष आहे हे कळतं. एकाकडून आला की दोघांकडून, हे पट्ट्यांच्या तपासणीत कळेल. नमुना पुढे पाठवला. वहिनी बाहेर बाकावर बसून मला बघत होती. मी म्हटलं, "रिपोर्ट यायचा आहे." खोटं नव्हतं ते.


२० सप्टेंबर, शुक्रवार

सूज उतरली. आई म्हणते अंगाऱ्याने.


२२ सप्टेंबर, रविवार

ओट्यावर दिवसभर एकच विषय. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव येणार — ई-क्लासवरच्या बाहेरच्या लोकांनी जागा खाली करावी. उपसरपंच लखन सांगून गेला. "मोटरीचे वायर चोरीले जाऊन राह्यले. गुरायले जागा नाई. अन् आता रोगबी आनला म्हन्तात." शेवटचं वाक्य बोलताना त्याने आमच्या दाराकडे बघितलं.

लखनला पाठिंबा हवा होता तो बाबांचा. ते माजी सरपंच, त्यांचं वजन आहे.

तेवढ्यात लखीराम आले. "राम राम, समधीजी." बाबांनी मान हलवली. "बस, लखीराम." आणि ते पायरीवर बसले. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. इवाई आला की सतरंजी टाकायची, चहा आधी त्याला. तीन वर्षांत बाबांच्या तोंडून त्यांच्यासाठी हा शब्द एकदाही निघालेला नाही. लखीरामना ते कळतं. तरी दर वेळी समधीजी म्हणतात.

आज चहा मी नेऊन दिला. बाबांनी बघितलं.


२४ सप्टेंबर, मंगळवार

रिपोर्ट आला. नुसती एस ची, दोषाची, पट्टी. ए ची, निरोगी रक्ताची, नाहीच.

म्हणजे वाहक नाही, आजारच. जन्मभराचा. पाणी कमी पडलं, ताप आला, थंडी लागली की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि पोर ओरडते. रोज गोळी, भरपूर पाणी, वेळच्या वेळी तपासणी. सांभाळलं तर जगते, चांगली जगते.

दुसरी गोष्ट इतकी सोपी आहे की पहिल्या वर्षाला परीक्षेत विचारतात. हा आजार एकाकडून येत नाही. अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून. म्हणजे दादाच्या रक्तात आहे. दादाच्या आहे म्हणजे आईच्या किंवा बाबांच्या आहे. आणि माझ्यात असायची शक्यता — निम्मी.

घट बसले की रिसोडचे लोक मला बघायला येणार आहेत. हरीओम, त्याचं कृषी केंद्र आहे. दोनदा भेटलो. कमी बोलतो, ऐकून घेतो. मला आवडला आहे. हे इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोललेले नाही.

घरी फक्त एवढं सांगितलं : सिकलसेल आहे, औषध रोज द्यायचं.


२५ सप्टेंबर, बुधवार

नवमी. आजी सवाष्ण गेली, म्हणून पितृपक्षातल्या या नवमीला आई तिच्या नावाने एक सवाष्ण जेवू घालते. शेजारच्या काकूंना सांगितलं होतं. पाट मांडला, पान वाढलं, त्या आल्याच नाहीत. निरोप — "सूनबाईच्या हातचं आहे ना? मंग राहू द्या."

पुरणपोळी वहिनीनेच केली होती. आईने शिकवलेली.

आईने ते पान उचललं, गाईला घातलं, हात धुतले आणि दादाला म्हणाली, "गन्या, ठराव होऊन तिचे मायबाप जातीनच. त्यायच्यासंगं दोघी मायलेकीले धाडून देऊ. कायमचं. त्यायचं रक्त, त्यायचा रोग. त्यायनंच निस्तरावं."

दादा खाली बघून जेवत राहिला. बाबा म्हणाले, "पाहू." वहिनी चुलीपुढे पाठमोरी होती. तिचा हात तव्यावर थांबला.

मी काय केलं? भात वाढला.


२६ सप्टेंबर, गुरुवार

सांगायला हवं होतं. उद्या.


२७ सप्टेंबर, शुक्रवार

सांगितलं. जेवणं झाल्यावर, सगळे असताना. दोन वाट्या घेतल्या, हरभऱ्याचे दाणे घेतले, एक इकडून, एक तिकडून. शाळेतल्या तपासणीच्या वेळी मुलांना समजावते तसं. "हे एकट्या वहिनीकडून होतच नाही. दादाकडूनही आलं आहे. या घरातून."

बाबांनी वाट्या बाजूला सारल्या. मग — "माह्या घरात असं रक्त नाई."

"बाबा, तपासून घेऊ. एक थेंब लागतो."

"आमचं घरानं मोगलाईतून, निजामाच्या मुलखातून आलं. रझाकारायनं गाव जाळलं, माहा आजा पैनगंगा पोहून आला, पाठीवर माहा बाप. तेवढ्यातून निघालेलं रक्त आहे हे! त्याले खोट काढतं तू? तुही मशीन खोटी."

दादा उठून गोठ्यात गेला. लाजला की घाबरला, कळलं नाही. आई हलली नाही. ती त्या दाण्यांकडेच बघत होती.

आत वहिनी दाराआड उभी. मी गेल्यावर माझा दंड धरला. "ताई, मंग माह्या एकलीचं नाई?"

"नाही."

तिने तोंडावर पदर घेतला. हसली की रडली, दोन्हीचा आवाज सारखाच असतो. मला वाटलं, झालं. आता काही बिघडणार नाही. खरं सांगितलं की गोष्टी जागेवर येतात — हे मी कुठे शिकले?


२९ सप्टेंबर, रविवार

रिसोडहून फोन. "नवरात्र होऊन जाऊ द्या, मंग पाहू." बातमीला आमच्याकडे तिकीट लागत नाही.

हरीओमचा वेगळा फोन नाही.


३० सप्टेंबर, सोमवार

दुपारी लॅबच्या दारात आई!

घटाचं सामान घ्यायला मालेगावला जाते म्हणून निघाली होती. रांगेत नंबर लावून, इतर बायांमध्ये बसून, नंबर आल्यावर आत आली. "माहं रक्त पाह्य. तुह्या बापाले सांगू नको."

तिचं बोट धरलं, सुई लावली. हजारो बोटं टोचली आहेत. तिच्या बोटाची कातडी जाड, दोनदा टोचावं लागलं.

नळी कार्डासमोर धरली. आईला मी शुक्रवारी रेघांसकट सगळं समजावलं होतं, तिने नीट ऐकलं होतं.

"रेघा दिसत नाईत ना वं?"

"नाही."

"म्हंजे माह्या माहेरचं." तिचं माहेर शिरपूरच्या अलीकडे, जीपने तासभर. खाली बसली. मी म्हटलं, आई, तू वाहक आहेस, तुला काहीही होत नाही, आजवर झालं नाही, पुढेही होणार नाही. मी आणखी बरंच बोलले. ती थांबली, माझं संपू दिलं.

"मले होत नाई, थे ठीक. मले काढतीन काय, थे इचारून राह्यली मी."

या घरात तिचं सगळं आयुष्य गेलं. दोन लेकरं, सासू-सासऱ्यांचं सगळं, प्रत्येक पेरणी. आणि एका थेंबावर हा प्रश्न! मी हसायला हवं होतं, म्हणायला हवं होतं, वेडी आहेस का. मला हसू आलं नाही. कारण तिने वहिनीबद्दल तेच म्हटलं होतं आणि ते होऊ घातलं होतं.

ती गेल्यावर माझी नळी लावली. रेघा स्वच्छ. निगेटिव्ह.

कोणाला सांगणार नाही. सांगितलं तर रिसोडचे परत येतील, नुसत्या त्या थेंबासाठी.


२ ऑक्टोबर, बुधवार

सर्वपित्री अमावस्या. सकाळी बाबांनी आजोबा-पणजोबांच्या नावाने पान ठेवलं, कावळा लगेच शिवला, बाबा खूश. अकरा वाजता ग्रामसभा.

एवढी माणसं मी ग्रामसभेला कधी पाहिली नाहीत. बायाही. ई-क्लासवरची माणसं मागे, कडुलिंबाखाली उभी. बसा म्हणून कोणी म्हटलं नाही.

लखनने ठराव वाचला. मग जो तो बोलू लागला. मजुरीला जाणारी एक बाई उठली — "हे कमी पैशात सोंगतात. आमाले कोनी बलावत नाई आता. आमी काय खावं?" हे खरं आहे. पण भाव पाडून बोलावणारे शेतकरी पुढच्या रांगेत बसले होते. त्यांच्याकडे कोणीच बघितलं नाही.

कोणीतरी किराणावाल्या हुकूमचंद शेठना डिवचलं. "शेठ, तुमचं काय मत?"

"मी मारवाडी मानूस. मले विचारसान तं आदी माहीच गाडी जुपा लागंन." हशा. शेठ हसले नाहीत, चप्पल शोधायला लागले.

धम्मदीपा उठली. आमची आशा सेविका, संस्कृतीला सगळ्या लसींना तिनेच नेलेलं. "माहा एक सवाल आहे. आमची वस्ती गावाच्या कोन्या अंगाले आहे? बाहेर. पिढ्या झाल्या, बाहेर. मंग आमी आतले का बाहेरचे, थे एकदा लिहून टाका ठरावात." लखन म्हणाला, "ताई, तुमचा विषय नाई हा." ती म्हणाली, "कधी असते?"

मागून एक म्हातारा, दिसलाही नाही मला — "रामराव, तुह्या आज्याले कुठं जागा देली होती गावानं? ई-क्लासवरच ना?"

बाबा उभे राहिले. "थे गोष्ट अलग होती. आमी जीव घेऊन आलो होतो."

"अन् हे काय जत्रेले आले?" धम्मदीपा.

तेव्हा मी उठले. मला बोलायचं नव्हतं. पाय आपोआप उठले. म्हटलं, "इथे बसलेल्या बायांपैकी याच गावात जन्मलेल्या किती? हात वर करा." कोणी करेना. सगळ्या सुना. कोणी रिसोडची, कोणी मंगरूळची, कोणी पार हिंगोलीकडची. मी माझा एकटीचा हात वर केला. "बाकी सगळ्या बाहेरून आल्या. तुम्हा सगळ्यांच्या आया बाहेरच्या आहेत. मग बाहेरचं रक्त कुठलं?"

क्षणभर वाटलं, पोचलं.

मग मागून एक आवाज, "तू तं जानारीच आहेस वं बाई! तुले काय?" आणि हसण्याचा लोट उठला. बायाही हसल्या. माझा हात अजून वरच होता.

लखनने संधी घेतली. "रामराव भाऊ, तुमीच सांगा. तुमचे इवाईच आहेत थे."

बाबांनी लिंबाकडे बघितलं. लखीरामनी हात जोडलेले होते, सकाळपासून जोडलेलेच असावेत.

"माहा कोनी इवाई नाई," बाबा म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा तो शब्द त्यांच्यासाठी उच्चारला तो असा.

हात वर झाले. मी आईला शोधलं. बायांच्या तिसऱ्या ओळीत. तिने इकडे-तिकडे पाहिलं, सगळ्यांचे हात पाहिले, आणि आपला हात वर केला. सगळ्यांपेक्षा उंच.


३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. ई-क्लासवर ताडपत्र्या निघाल्या. उद्या सकाळी गाडी. बाबांनी वहिनीला सांगितलं, तूही जा, चार दिवस माहेरी राहून ये. चार दिवस! दादा म्हणाला, "जाय, मी येतो घ्याले." त्याच्या आवाजाला मुळंच नव्हती.

वहिनीने दोन पिशव्या भरल्या. औषधाच्या गोळ्या मी वेगळ्या पुडीत बांधून दिल्या — कोणती कधी, खुणा करून.

मग आई आली. संस्कृतीला वहिनीच्या मांडीवरून उचललं. सहज, रोज उचलते तशी.

"पोट्टी राहीन."

वहिनीला कळलंच नाही. "क्या?"

"तू जाय. पोट्टी आपली आहे. वैजूच म्हन्ते ना, आपलंबी रक्त आहे तिच्यात? आपलं रक्त आपून ठेऊ."

बाबांनी मान डोलावली. तपासणी खोटी म्हणणारे बाबा!

माझे दाणे. माझ्या दोन वाट्या.


४ ऑक्टोबर, शुक्रवार

वहिनी दोनदा गाडीतून उतरली. दुसऱ्या वेळी लखीरामनीच तिला धरून वर घेतलं, ते स्वतः रडत होते. भुरीबाई रडली नाही. आमच्या घराकडे बघत होती, डोळे न मिटता. आई मला म्हणाली, पोट्टीले आत ने, नजर लागंन. मी आईकडे बघितलं. ती संस्कृतीला छातीशी घट्ट धरून आत गेली. काय धरून ठेवते आहे ती, मला माहीत आहे. मला एकटीलाच माहीत आहे, आणि मी सांगू शकत नाही. सांगितलं तर पुढची गाडी कोणाची?

संस्कृती दिवसभर अंगावरचं दूध शोधते. वाटी तोंडाला लावली की मान फिरवते. गाईचं दूध थुंकली. पाणी चमच्याने, मुश्किलीने काही घोट. ओठ सुकले. डावी टाच पुन्हा फुगीर वाटते. पाणी कमी पडलं की काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

आईला म्हटलं, हिला तिच्या आईजवळ पोचवलं पाहिजे. "रडून रडून राहते लेकरू. सगळेच राहतात."

दादाला गोठ्यात जाऊन म्हटलं, दादा, ऊठ. तो म्हणाला, "तूच तं सांगतलं, माह्याकडूनबी आलं म्हून. कोन्या तोंडानं जाऊ तिच्यापुढं?"


५ ऑक्टोबर, शनिवार

अकोला स्टँड. बऱ्हाणपूरची गाडी लागली, तिथून पुढे खरगोन. खिडकीजवळ जागा मिळाली. संस्कृती मांडीवर. थर्मास, चमचा, गोळ्या. जीपमधून इथवर चमच्या-चमच्याने अर्धी वाटी पाणी गेलं.

शेजारची बाई विचारते, लेकरू तुमचं काय? म्हटलं, नाही, वहिनीचं. पोचवून द्यायला चालले.

"अन् मंग तुमी परत येसान?"

बाबांचा फोन वाजतो आहे. गाडी सुटली.